चार आण्यांचं शिकागो

शिकागो म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? शाळेत निबंध लिहिलेल्यांना विवेकानंद आठवतात. सिनेमावाल्यांना अल कपोन. बास्केटबॉलवाल्यांना मायकेल जॉर्डन. आणि आपल्यासारख्या आयटीच्या जनतेला आठवतो शॉमबर्ग नावाच्या उपनगरातला दोन बेडरूमचा फ्लॅट, त्यात राहणारे चौघं, कुकरच्या शिट्ट्या आणि उणे पंधरामध्ये हमखास दगा देणारी सेकंडहॅण्ड कार!

या शहराची आणखी एक ओळख आहे. कुठल्याही टुरिस्ट बसमधला गाइड ती सांगत नाही. नाणं टाकलं की चालू होणारी जगातली बरीचशी गंमत इथे तयार झाली. पिनबॉल, ज्यूकबॉक्स, वजनाचे काटे, जुगाराची मशीन्स, पुढे व्हिडिओ गेम्स... गॉटलिब, बॅली, विल्यम्स, रॉक-ओला, सीबर्ग, मिडवे ही सगळी नावं शिकागोची. अमेरिकेतलं क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरचं नाणं, आपल्या हिशेबाने चार आणे. या चार आण्यांवर इथे कारखाने उभे राहिले, त्यातले बरेचसे बंदही पडले. पण त्यांनी बनवलेली मशीन्स अजून दुरुस्त होतायत, विकली जातायत आणि चक्क नव्याच्या भावात जातायत.

मी या भानगडीत पडलो तो रूममेटमुळे. हा पठ्ठ्या साताऱ्याचा. आम्ही दोघं एका बँकेची पंचवीस वर्षं जुनी सिस्टीम सांभाळतो. तुम्हाला माहीत असेलच, सॉफ्टवेअर कंपनीत दोन जाती असतात. डेव्हलपमेंटवाले आणि मेन्टेनन्सवाले. पहिल्यांना पार्ट्या, दुसऱ्यांना रात्री अडीचचे फोन. जूनमध्ये मेल आला की ही सिस्टीम पुढच्या मार्चमध्ये रिटायर होणार. मेलमध्ये शब्द होता ‘सनसेट’. ऐकायला किती रोमॅण्टिक ना? आमच्यासाठी त्याचा अर्थ एवढाच, की मार्चनंतर काय ते कुणालाच ठाऊक नाही.

त्याच आठवड्यात रूममेट म्हणाला, ‘‘मी एक मशीन घेतोय. पिनबॉलचं. जुनं.’’

‘‘अरे, नोकरीचा पत्ता नाही आणि तू खेळणी घेतोयस?’’

‘‘खेळणं नाही रे. पन्नास वर्षं चाललेली वस्तू आतून कशी असते, ते मला बघायचंय.’’

बेलमॉन्टवरून चालत चालत

म्हणून एका शनिवारी आम्ही ब्लू लाइन पकडून बेलमॉन्ट स्टेशनवर उतरलो. शिकागोत पत्ता शोधणं म्हणजे गणिताचा पेपर. सगळे रस्ते काटकोनात आणि घरांचे आठशे नंबर म्हणजे एक मैल. पुण्याच्या पेठांमध्ये वाढलेल्या माणसाला ही शिस्त सुरुवातीला संशयास्पदच वाटते. बेलमॉन्ट अॅव्हेन्यूवरून पूर्वेकडे पाऊण मैल चाललं की कॅलिफोर्निया अॅव्हेन्यूचा चौक येतो. चौक ओलांडून थोडं पुढे २६४० वेस्ट बेलमॉन्ट. इथे बॅलीचा कारखाना होता. चौकातून डावीकडे वळून नदीच्या बाजूला गेलं की ३४०१ नॉर्थ कॅलिफोर्निया. तो विल्यम्सचा पत्ता. एकमेकांचे कट्टर स्पर्धक, अंतर पायी दहा मिनिटांचं! डिझायनर इकडून तिकडे नोकऱ्या बदलायचे. आपल्या हिंजवडीसारखंच म्हणा ना.

आम्हाला तिथे पिनबॉलचा मागमूस दिसला नाही. विल्यम्सने आपला पिनबॉल विभाग २५ ऑक्टोबर १९९९ रोजी बंद केला. कंपनी मात्र बुडाली नव्हती. कॅसिनोत लागणाऱ्या स्लॉट मशीनच्या धंद्यात जास्त पैसा होता, तिने तो धंदा धरला. याच कंपनीच्या बॅली ब्रॅण्डवर १९९२ साली ‘द अॅडम्स फॅमिली’ हे मशीन निघालं होतं आणि त्याचे २०,२७० नग विकले गेले होते. इलेक्ट्रॉनिक पिनबॉलमध्ये हा विक्रम मानतात. एवढा मोठा हिट देऊन सात वर्षांत टाळं. रूममेट फुटपाथवर उभा राहून म्हणाला, ‘‘बघ, यांचाही सनसेट झाला.’’

एका पेनीत सात चेंडू

आता थोडा इतिहास. घाबरू नका, परीक्षेला नाहीये.

पिनबॉलचा पूर्वज म्हणजे बॅगाटेल, अठराव्या शतकातल्या फ्रान्समधला टेबलावरचा खेळ. १८७१ मध्ये सिनसिनाटीच्या मॉण्टेग्यू रेडग्रेव्हने त्यात स्प्रिंगचा दट्ट्या बसवून पेटंट घेतलं. पण खरा धंदा सुरू झाला तो शिकागोत, १९३१ मध्ये. डेव्हिड गॉटलिबने ‘बॅफल बॉल’ बाजारात आणला. दुकानाच्या काउंटरवर मावेल एवढी पेटी, आत खिळ्यांची कुंपणं आणि भोकं. ना वीज, ना दिवे. किंमत साडेसतरा डॉलर. महामंदीचा काळ होता, खिशात नोटा नव्हत्या, पण पेनी होती. एका पेनीत पाच ते सात चेंडू! पन्नास हजारांच्या आसपास पेट्या खपल्या.

मागणी इतकी की रेमंड मोलोनी नावाच्या वितरकाला माल मिळेना. त्याने १९३२ मध्ये स्वतःच ‘बॅलीहू’ नावाचा खेळ काढला. त्याच्यावरून कंपनीचं नाव पडलं बॅली. रॉक-ओलाचा किस्सा तर भारीच. सगळ्यांना वाटतं की नाव रॉक अॅण्ड रोलवरून आलं. छे! मालकाचं आडनावच रॉकोला. डेव्हिड रॉकोला १९२० च्या दशकात नाणं टाकून चालणाऱ्या वजनकाट्यांच्या धंद्यात होता, तिथून पिनबॉलकडे आणि मग ज्यूकबॉक्सकडे वळला.

वजनकाटा! आपल्या रेल्वे प्लॅटफॉर्मवरचा तो लाल-पिवळा लुकलुकणारा काटा आठवतोय? वर उभं राहायचं, चक्र थांबेपर्यंत धीर धरायचा, नाणं टाकायचं आणि ठक्कन पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर! एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य, नशीब असेल तर हिरोईनचा फोटोही. वजनाबरोबर भविष्य सांगणारे काटे शिकागोची वॉटलिंग नावाची कंपनीही बनवायची. म्हणजे दादर आणि शिकागोच्या लोकांची हौस एकच. वजन कमी आणि भविष्य भारी हवं.

बाकी पिनबॉलमध्ये आज दिसतं ते एकेक करून आलं. मशीन हलवून चीटिंग करणाऱ्यांसाठी हॅरी विल्यम्सने ‘टिल्ट’ची युक्ती काढली. चेंडू परतवणारे फ्लिपर आले ते १९४७ मध्ये, गॉटलिबच्या ‘हम्टी डम्टी’त. तोवर खेळ जवळपास नशिबावर चालायचा, म्हणून सरकारच्या लेखी तो जुगारच. न्यूयॉर्कमध्ये १९४२ साली महापौर ला गार्डियाने मशीन्स जप्त करून हातोड्याने फोडली. तिथली बंदी उठली १९७६ मध्ये. नगरसेवकांसमोर रॉजर शार्प नावाच्या पत्रकाराने चेंडू कुठून जाणार ते आधी सांगितलं आणि मग तिथूनच घालवून दाखवला. आणि गंमत ऐका. जिथे ही मशीन्स बनत होती त्या शिकागो शहरातही खेळायला कित्येक दशकं, १९७० च्या दशकापर्यंत बंदी होती. बनवा, पॅक करा, गावाबाहेर पाठवा!

जुन्या मशीनचा बाजार खरा तापला दुसऱ्या महायुद्धात. १९४२ मध्ये युद्धसामग्रीसाठी खेळाच्या मशीन्सचं उत्पादन थांबवण्यात आलं. नवं मिळेना, पण गिऱ्हाईक तर होतं. मग शिकागोतल्या वर्कशॉप्सनी जुन्या पेट्या घेतल्या, आतली यंत्रणा तपासली, वर नवं चित्र, नवी काच, नवं नाव... आणि झालं नवं मशीन. आज जे मासिक आपल्याला फक्त गाण्यांच्या क्रमवारीसाठी ठाऊक आहे, त्या ‘बिलबोर्ड’मध्ये तेव्हा ‘नवीन आणि रिकण्डिशन्ड’ मशीन्सच्या जाहिरातींची पानंच्या पानं भरलेली असायची.

शॉमबर्गमधला जुना बाजार

पिनबॉल एक्स्पो नावाचं प्रदर्शन शिकागो परिसरात १९८५ पासून भरतं, साधारण ऑक्टोबरमध्ये. अलीकडची काही वर्षं ते भरतंय आमच्या शॉमबर्गच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये. म्हणजे जिथून आम्ही इंडियन ग्रोसरी आणायला जातो, तिथून गाडीने काही मिनिटांवर!

आत शिरलो आणि कान बधिर झाले. शेकडो मशीन्स एकाच वेळी वाजतायत. एका बाजूला नवीकोरी मशीन्स, मोठे स्क्रीन, सिनेमांची थीम. दुसऱ्या बाजूला टेबलांवर मांडलेले स्क्रू, रबराची कडी, कॉइल, बल्ब, फ्यूज, जुनी मॅन्युअल्स. पुण्याचा रविवारचा जुना बाजार आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड एकत्र करून त्याला एसी लावला तर कसं दिसेल, अगदी तस्सं.

नव्याचे भाव आधी विचारले. एल्क ग्रोव्ह व्हिलेजच्या स्टर्न पिनबॉलचं साधं मॉडेल सात हजार डॉलरच्या आसपास, मर्यादित आवृत्ती तेरा हजारांच्या घरात. रूममेटने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. पण जुन्याचे भाव ऐकून तर चाटच पडलो. विल्यम्सचं १९९७ चं ‘मिडिव्हल मॅडनेस’ चार हजारांच्या आसपासच बनलं होतं. चांगल्या अवस्थेतलं असेल तर ते नव्यापेक्षा महाग. मागणी एवढी, की शिकागो गेमिंग नावाच्या कंपनीने ते नव्याने बनवून विकायला काढलं. जुन्याची नवी आवृत्ती आणि तरीही जुन्याचा भाव टिकून!

मग भेटले एक आजोबा. पंचाहत्तरी ओलांडलेली, पट्ट्याला किल्ल्यांचा हा मोठ्ठा जुडगा. आयुष्यभर ऑपरेटर होते. त्यांच्याकडे होतं बॅलीचं १९७६ चं ‘कॅप्टन फॅण्टास्टिक’, एल्टन जॉनचं चित्र असलेलं. किंमत तीन हजार आठशे. रूममेट काचेवरचं चित्र न्याहाळायला लागला तर आजोबांनी त्याला थांबवलं. म्हणाले, चित्र नंतर बघ, आधी पोट बघ.

त्यांनी पुढचं छोटं दार किल्लीने उघडलं, आतली खिट्टी ओढली. वरची पट्टी सुटली, काच सरकून बाहेर आली. मग त्यांनी खेळाचा अख्खा पाट गाडीच्या बॉनेटसारखा उचलून उभा केला. पंधरा सेकंदही लागले नसतील. खाली रिलेच्या रांगा, रंगीत वायरींच्या दोऱ्याने बांधलेल्या जुड्या, पितळी पट्ट्या. एकही चिप नाही. आकडे मोजायला दातेरी चाकं, क्रम सांभाळायला एक मोटर. त्यांनी खेळ चालू केला आणि बोटाने एक पट्टी दाबली. घंटी वाजली, स्कोअर दहाने वाढला. रूममेट गुडघ्यावर बसून वेड्यासारखा बघत होता. नंतर म्हणाला, ‘‘अरे, हा तर कोड आहे. फक्त डोळ्यांना दिसतोय!’’

फण्डा काय आहे?

ही मशीन्स एवढी सहज का उघडतात? मला वाटलं, जुन्या लोकांची नीयत साफ होती वगैरे. आजोबा हसले. नीयत कसली, हिशेब होता.

तो हिशेब असा. कारखाना मशीन विकायचा वितरकाला, वितरक ऑपरेटरला. ऑपरेटर ते बारमध्ये, लॉण्ड्रीत, बोलिंगच्या हॉलमध्ये ठेवायचा. जागेचे पैसे तो देत नसे. पेटी उघडली की चिल्लर मोजायची आणि जागामालकाशी साधारण निम्मी निम्मी वाटून घ्यायची. म्हणजे विकत घेतलेलं मशीन कमावतं कधी? चालू असेल तेव्हाच! शुक्रवारी रात्री बंद पडलं तर शनिवार-रविवारची कमाई गेली. त्यामुळे ऑपरेटरला मशीन असं हवं होतं, की एका माणसाला, एका बॅटरीच्या उजेडात, बारच्या कोपऱ्यात, पान्या-स्क्रू ड्रायव्हरवर अर्ध्या तासात चालू करता यावं. जे मशीन उघडायला त्रास, ते ऑपरेटर पुन्हा घेणार नाही. म्हणून सर्किटचा नकाशा मशीनच्या आतच ठेवलेला. म्हणून कॉइलवर नंबर छापलेला. म्हणून एकाच कंपनीच्या दहा मशीन्समध्ये तोच फ्लिपर.

आपल्या फोनचं बघा. कंपनीला आपल्याकडून एकदाच पैसे मिळतात. त्यानंतर तो लवकर बिघडला तर नुकसान कुणाचं? आपलं. क्वार्टरच्या मशीनमध्ये बिघाडाचं नुकसान धंदेवाल्याचं होतं, म्हणून दुरुस्तीचा विचार पहिल्याच दिवशी झाला. पन्नास वर्षांनी तीच मशीन्स रिकण्डिशन होऊ शकतायत ती यामुळे. चिल्लरीने ही शिस्त लावली.

नाणं तपासणारी पेटीही याच जातीची. क्वार्टरचा व्यास २४.२६ मिलिमीटर, जाडी १.७५ मिलिमीटर, वजन ५.६७ ग्रॅम. नाणं आत घरंगळतं तेव्हा ते मोठं आहे का, हलकं आहे का, लोखंडी आहे का, हे खाचा, तोलकाटा आणि चुंबक मिळून ठरवतात. खोटं असेल तर खाली परत. विजेशिवाय, सेकंदाच्या आत. आमच्या सिस्टीममधलं व्हॅलिडेशन इतकं झकास असतं तर रात्री अडीचला फोन आले नसते.

‘रिकण्डिशन्ड’ म्हणजे नेमकं काय, यावर मात्र बाजारात भरपूर धूळफेक चालते. कुणी नुसतं पुसून, बल्ब बदलून तो शब्द चिकटवतो. कुणी पाट मोकळा करून एकेक भाग काढतो, कॉण्टॅक्ट साफ करतो, फ्लिपरची आतली सगळी यंत्रणा बदलतो, जुने सोल्डर नव्याने मारतो, झिजलेला रंग हाताने भरतो. दोन्ही चकचकीतच दिसतात. फरक काचेखाली नाही, पाटाखाली असतो. १९७७ च्या सुमारापासून पिनबॉलमध्ये इलेक्ट्रॉनिक बोर्ड आले, तिथे आणखी एक शत्रू आहे. स्मरणशक्तीसाठी बोर्डावर बसवलेली बॅटरी गळते आणि तांब्याच्या रेघा खाऊन टाकते. दहा-पंधरा डॉलरच्या दुर्लक्षाने हजारोंचं मशीन जातं.

कोपरा कुणाचा?

पुढच्या रविवारी आम्ही ब्रुकफिल्डला गेलो. तिथलं गॅलपिंग घोस्ट आर्केड २०१० मध्ये सुरू झालं आणि जगातल्या सर्वांत मोठ्या आर्केड्समध्ये गणलं जातं. व्हिडिओ गेम्स शेकड्यांनी. मिडवेचा ‘मॉर्टल कॉम्बॅट’ही आहे, तोही मूळचा शिकागोचाच. इथे नाणं टाकायचं नाही. दारात एकदा पैसे भरायचे आणि दिवसभर हवं ते खेळायचं. मागे वर्कशॉप, कारण इतक्या जुन्या मशीन्समध्ये रोज काही ना काही बिघडणारच. एका मुलाला मी मशीनच्या मागे अर्धा शिरलेला पाहिला, फक्त बूट दिसत होते. समोर रांगेत उभं असलेलं पोरगं विचारत होतं, झालं का? झालं का?

एकीकडे ही जत्रा, दुसरीकडे उपनगरांतले बार. तिथला कोपरा पूर्वी पिनबॉलचा आणि ज्यूकबॉक्सचा. इलिनॉय राज्याने २००९ मध्ये कायदा करून बारमध्ये व्हिडिओ जुगाराची मशीन्स लावायला परवानगी दिली आणि २०१२ पासून ती प्रत्यक्ष चालू झाली. आता मालकाच्या जागी बसून विचार करा. एक मशीन तासाला काही डॉलर देतं आणि दर महिन्याला दुरुस्ती मागतं. दुसरं नोटा खातं आणि क्वचितच उघडावं लागतं. आम्ही ज्या बारमध्ये बर्गर खायला जातो, तिथे त्या कोपऱ्यात संध्याकाळी पाच-सहा पाठी दिसतात. कुणी कुणाशी बोलत नाही. पिनबॉल खेळताना निदान शेजारचा ‘अरेरे’ तरी म्हणतो.

दुसरी काळजी नव्या मशीन्सची. विल्यम्स गेली त्याच वर्षी, १९९९ मध्ये, गॅरी स्टर्नने सेगाचा पिनबॉल विभाग घेतला आणि त्यानंतर बरीच वर्षं हा उद्योग जवळपास एकट्या स्टर्नच्या जिवावर तगला. त्याबद्दल सगळेच त्यांना मानतात. पण आजची बरीच मशीन्स थेट लोकांच्या घरी जातात. घरातलं मशीन बंद पडलं तर कुणाची शनिवारची कमाई बुडत नाही. बोर्डही बदललेत. बारीक, पृष्ठभागावर चिकटवलेले भाग, जे साध्या सोल्डरिंग गनने काढता येत नाहीत. बिघडलं की बोर्ड बदला. आज बोर्ड मिळतो, ठीक आहे. तीस वर्षांनी? आजोबांना हेच विचारलं. ते म्हणाले, माझ्या मशीनचा रिले कुणीही बनवू शकतो. त्या बोर्डातला प्रोग्राम कोण बनवणार? पाट आजही उचलता येतो, पण उचलून बघण्यासारखं खाली कमी होत चाललंय.

तरी सगळं अंधारात नाही. दुकानांमध्ये मिळणाऱ्या सुट्या भागांची यादी वाढतेय, जुन्या बोर्डांच्या जागी बसणारे नवे बोर्ड हौशी इंजिनिअर्स स्वतः डिझाइन करून विकतायत. एक्स्पोतल्या दुरुस्तीच्या वर्गात आमच्याच वयाची बरीच मंडळी वही-पेन घेऊन बसली होती. दिवसा कोड, रात्री कॉइल.

पेन्सिलच्या नोंदी

रूममेटने ‘कॅप्टन फॅण्टास्टिक’ घेतलं. घासाघीस करून तीन हजार चारशेला. साताऱ्याच्या माणसाने शॉमबर्गमध्ये भाव केला म्हणून आम्हालाच अभिमान! मशीनचे पाय काढून, चौघांनी उचलून, भाड्याच्या व्हॅनमधून ते घरी आणलं. आता डायनिंग टेबल गॅलरीत आहे आणि आम्ही जमिनीवर बसून जेवतो.

पहिल्याच रात्री त्याने पुढचं दार उघडून आतलं जुनं पाकीट काढलं. त्यात सर्किटचा घडी घातलेला नकाशा. कागद चहासारखा पिवळा, कडा फाटलेल्या. आणि त्यावर पेन्सिलच्या नोंदी, वेगवेगळ्या अक्षरांत. ‘हा रिले बदलला, ८१.’ ‘इथली वायर तुटते, आधी हीच बघा.’ ‘मोटरला तेल, ८८.’ नावं कुणाचीच नाहीत. कुणीतरी बारच्या कोपऱ्यात वाकून काम केलं आणि पुढच्या माणसाचा अर्धा तास वाचावा म्हणून दोन शब्द लिहून गेलं. पुढचा माणूस कोण, कुठला, त्याला कधीच कळणार नव्हतं. तो निघाला साताऱ्याचा.

सोमवारी ऑफिसमध्ये पाहतो तर रूममेट आमच्या सिस्टीमची कागदपत्रं लिहीत बसलेला. मी म्हटलं, ‘‘अरे, मार्चमध्ये जाणारेय ना ती?’’ तो म्हणाला, ‘‘नव्या सिस्टीममध्ये डेटा नेताना कुणीतरी रात्री अडीचला उठणारच आहे. त्याला कळायला नको, कुठली वायर आधी बघायची ते?’’ मी खुर्ची ओढली आणि व्याजाच्या मॉड्यूलचं पान लिहायला घेतलं. मेन्टेनन्सवाल्यांचं काम आहे ते, डेव्हलपमेंटवाल्यांना कुठून सुचणार!

मार्चची तारीख अजून कायम आहे. अमेरिकेने तर चलनातली पेनी पाडणंही नोव्हेंबर २०२५ मध्ये थांबवलं. ज्या पेनीवर बॅफल बॉल चालला, ती टांकसाळीतून रिटायर झाली. पण परवाच्या शनिवारी आमच्याकडे मशीनची एक घंटी वाजेनाशी झाली. रूममेटने पाट उचलला, नकाशा पसरला, ती जुनी नोंद वाचली आणि आधी तीच वायर बघितली. तुटलेलीच होती! सोल्डर मारल्यावर त्याने पेन्सिल मागितली आणि खाली तारीख टाकली. या वेळी देवनागरीत.

जायचं असेल तर...

पिनबॉल एक्स्पो साधारण ऑक्टोबरमध्ये भरतं. शॉमबर्गला ओहेअर विमानतळावरून गाडीने जाणं सोपं. गॅलपिंग घोस्टसाठी युनियन स्टेशनवरून मेट्राची बीएनएसएफ लाइन पकडून ब्रुकफिल्डला उतरा. बेलमॉन्टची पायपीट मात्र थंडीत करू नका, नदीवरचा वारा कानशिलं सोलतो.

आणि जुनं मशीन घ्यायचंच असेल तर विकणाऱ्याला पाच गोष्टी करायला सांगा. पाट उचलून दाखव. बोर्ड असेल तर बॅटरीची जागा दाखव. नकाशा आणि मॅन्युअल दे. काय काय बदललं ते लिहून दे. आणि माझ्यासमोर पाच गेम खेळ. तो खुशीने करत असेल तर पुढचं बोला. कुरकुरत असेल तर थॅंक्यू म्हणा आणि पुढच्या टेबलाकडे सरका. हाच नियम फ्लॅट, सेकंडहॅण्ड कार आणि नव्या नोकरीलाही लावून बघा. जे उघडून दाखवत नाहीत, त्यांच्याकडे नंतर दुरुस्त काय करणार?